आमच्या ह्यांचा स्वतःचा मोडेम

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा नमस्कार. वाकून केला असता, पण सध्या कंबर धरली आहे (कशाने, ते पुढे येईलच), तेव्हा खुर्चीत बसून केलेला हा नमस्कारच गोड मानून घे. तुझे गुडघे काय म्हणतात? औषध वेळेवर घेतेस ना, की बाटली नुसती समोर ठेवून तिच्याकडे बघत बसतेस? भाऊजींचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. त्यांनाही माझा नमस्कार सांग. फक्त सांगताना आवाज जरा कडक ठेव, कारण पुढे जे काही रामायण आहे त्याच्या मुळाशी तेच बसलेले आहेत. मी त्यांना दोष देत नाही. दोष द्यायलाही अंगात थोडं बळ लागतं.

फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. मी फोनवर बोलायला लागले की हे माझ्या बाजूला येऊन उभे राहतात आणि माझा आवाज तुझ्यापर्यंत किती उशिरा पोचतो ते विचार, असं खुणेनं सांगतात. मागच्या खेपेला तू गुडघ्याबद्दल इतकं कळवळून सांगत होतीस आणि मी मध्येच "जरा एक, दोन, तीन म्हण" असं म्हटलं, आठवतं? तू रागावून फोन ठेवलास. ते माझ्या मनातलं नव्हतं गं, मागून फर्माईश होती. पत्राचा वेग ह्यांना अजून मोजता येत नाही, म्हणून हा कागद.

आता मुळापासून सांगते. माझं काम तुला ठाऊक आहे, पण तू हे भाऊजींना वाचून दाखवणार, म्हणून पुन्हा लिहिते. कचेरीतून लघुलेखिका म्हणून निवृत्त झाले तेव्हा बाकीची मी आरामात होते, पण बोटांना ते पटत नव्हतं. टीव्हीवर कुणी बोलायला लागलं की ती मांडीवर आपोआप चालायची. मग हे काम मिळालं. औषधनिर्माण शिकवणाऱ्या एका कॉलेजात ऐकू न येणाऱ्या मुलामुलींचा एक वर्ग आहे. सर तिकडे बोलतात, त्यांचा आवाज इंटरनेटवरून माझ्या कानात येतो, वर्ग कॅमेऱ्यातून दिसतो, मी घरी बसून ते बोलणं तिथल्या तिथे टाइप करते आणि माझे शब्द मुलांसमोरच्या पडद्यावर उमटतात. सरांनी विनोद केला तर मी तोही टाइप करते, आणि मग मुलं हसलेली मला दिसतात, सरांनंतर किंचित उशिरा. ताई, मी जन्मभर साहेबांची पत्रं टाइप केली, त्यातलं एकही वाचून कधी कुणी हसलं नाही. हे काम माझ्या हातून जाऊ नये असं मला फार वाटतं. सगळं पत्र विसरलीस तरी चालेल, एवढं मात्र लक्षात ठेव.

या कामासाठीच आम्ही केबलवाल्या कंपनीचं एक गिगाबिटचं इंटरनेट घेतलं. कंपनीचा माणूस आला, भिंतीतून आलेली जाड तार त्याने एका काळ्या डब्यात खुपसली, दिवे लागले, तो गेला. डबा कपाटावर गुपचूप बसून काम करायला लागला. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती (माझी तक्रार नसली की ह्यांना संशय येतो, हे तुला माहीतच आहे).

तुला आमच्या ह्यांचा स्वभाव माहीत आहे. नोकरीभर वजनमापे निरीक्षक. तराजू, काटे, लिटरची मापं, कापड मोजायच्या पट्ट्या तपासत बाजार पालथे घातले. दुकानदार ह्यांना लांबून बघूनच काट्यावरची धूळ पुसायचे. आणि निवृत्तीनंतर घरात मोजायला काय उरलं? मी आणि दुधाची पिशवी. पिशवी बरोबर भरायची, माझ्याबद्दल त्यांनी कधी मत दिलं नाही. अशात घरात एक गिगाबिट आलं. ह्यांनी त्या दिवशीच वेग मोजून बघितला. सांगितलं होतं हजाराचं माप (एक गिगाबिट म्हणजे हजार मेगाबिट), पण काटा नऊशे चाळीसच्या वर जाईना. "साठ कुठे गेले?" असं त्यांनी कंपनीच्या मदत केंद्रातल्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, वाटेत थोडे लागतात, सगळ्यांचेच लागतात. आता जन्मभर ज्या माणसाने वाटेत थोडे लागतात हे वाक्य हजार दुकानदारांच्या तोंडून ऐकलं, त्याला ही पोर हे सांगते? हे फोन ठेवून खुर्चीत ताठ बसले. इतके ताजेतवाने मी त्यांना निवृत्तीच्या निरोप समारंभानंतर पहिल्यांदाच बघत होते. मलाही खरं सांगायचं तर बरं वाटलं.

तेव्हापासून घरात मापं सुरू झाली. बैठकीत वेगळं माप, स्वयंपाकघरात वेगळं, न्हाणीघराच्या दारात वेगळं (तिथे सगळ्यांत कमी भरतं, पण तिथे कुणाला लागतंय म्हणा). एका यंत्रावर विश्वास टाकायचा नसतो, म्हणून ह्यांचा कॉम्प्युटर, ह्यांचा मोबाइल आणि माझा जुना टॅब्लेट, तिन्हीवर एकदम. तोंडाने आकडे मोठ्यांदा बोलायचे आणि मग मान हलवायची.

आणि साधारण तेव्हापासूनच माझा वर्ग तुटायला लागला. चांगला चाललेला आवाज मध्येच घोगरा व्हायचा, मग थांबायचा, आणि माझे शब्द तिकडे जायचेच नाहीत. एकदा सर सांगत होते, "औषधाचा डोस मोजताना सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे," आणि संपलं. वर्गातली मुलं पडद्याकडे बघत बसली असणार. जोडणी परत आली तोवर सर पुढच्या धड्यावर गेले होते. मला तिथे मुलांनी लिहिलेलं दिसतं. पुढच्या बाकावर एक मुलगी बसते, बटांना नेहमी चाप लावलेली, तिने लिहिलं होतं, "म्हणजे काय?" त्याखाली आणखी एकदा, "म्हणजे काय?" तिला तर हेही माहीत नव्हतं की तुटलं ते माझ्याकडे तुटलं. तिला वाटलं असेल सरच गप्प झाले.

हे ह्यांनी ऐकलं आणि सरळ भाऊजींना फोन लावला. भाऊजी काय म्हणाले, ते त्यांना आठवत नसेल तर मी आठवण करून देते. म्हणाले, कंपनीचे भाड्याचे डबे टाकाऊच असतात, शहाणा माणूस स्वतःचा मोडेम आणि स्वतःचा राउटर घेतो. बस्स. ह्यांना कारण सापडलं. दुकानदाराचाच माल आणि दुकानदाराचाच तराजू, हे कसं चालेल, असं म्हणत ते दोन दिवस घरभर फिरले. मग बाजारात जाऊन दोन खोकी घेऊन आले, एक मोडेमचं (ज्यात तार खुपसतात तो), एक राउटरचं (जो पुढे घरभर हवेतून वाटतो तो). माहितीपत्रकं वाचून झाल्यावर दोघांच्या स्क्रूंवर लाखेचा एकेक ठिपका दिला, म्हणजे कुणी उघडलं तर कळावं. घरात आम्ही दोघंच. तेव्हा ही खबरदारी कुणासाठी होती ते मी विचारलं नाही.

स्वतःचा मोडेम म्हणजे आणला आणि लावला असं नसतं, ताई. आधी कंपनीच्या दप्तरी त्याची नोंद व्हावी लागते, त्यासाठी त्याच्या पोटाखाली छापलेला लांबलचक क्रमांक फोनवर सांगावा लागतो. तो क्रमांक मुंगीला वाचता यावा एवढ्या अक्षरात. हे भिंग लावून वाचतात, मी टॉर्च धरते, पलीकडे ती मुलगी "पुन्हा सांगा" म्हणते. शेवटी नोंद झाली, तर दिवा लुकलुकतच राहिला. कंपनी म्हणाली, आमची तार उत्तम आहे, डबा तुमचा आहे, बनवणाऱ्याला विचारा. बनवणारा म्हणाला, डबा उत्तम आहे, तार त्यांची आहे, त्यांना विचारा. राउटरवाला तर म्हणाला, मोडेमचं आणि आमचं काही नातंच नाही. माहेरही नको म्हणतं आणि सासरही, अशी त्या डब्याची गत झाली, आणि तो आपला आमच्या कपाटावर डोळे मिचकावत बसला. दुसऱ्या दिवशी कुणी काही न करता तो आपोआप चालू झाला. ह्यांनी श्रेय लाखेला दिलं.

चालू झाला तरी वर्ग तुटायचा थांबेना. मग राउटरची जागा चुकली असं ठरलं. राउटर कपाटावरून पुस्तकांवर आला, पुस्तकांवरून पंख्याच्या रेग्युलेटरजवळ, तिथून खिडकीत. मग हवेवरचा भरवसाच गेला आणि राउटरपासून माझ्या टेबलापर्यंत तार ओढायचं ठरलं, पलंगाखालून, कपाटामागून. पलंगाखाली कोण शिरणार? ह्यांचं पोट शिरत नाही. तेव्हा कंबर कशाने धरली ते आता तुला कळलं असेल. बरं, तार ओढूनही वर्ग तुटलाच. त्या दिवशी मी पलंगावर पालथी पडून नुसती भिंतीकडे बघत होते, आणि हे बाहेरून ओरडून सांगत होते की तारेवर मात्र माप जवळजवळ पुरं भरतंय.

मग आमच्या पर्यवेक्षक बाईंचा फोन आला. त्या वाईट बोलल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं. म्हणाल्या, तुमच्याइतकं स्वच्छ कुणी टाइप करत नाही, पण मुलांची परीक्षा तोंडावर आली आहे, आणखी एकदा वर्ग तुटला तर मला तो दुसऱ्या बाईंकडे द्यावाच लागेल. मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला आणि भांडी घासायला घेतली, घासलेलीच पुन्हा घासली.

खरं काय ते मला कळलं एका साध्या दुपारी. कंपनीचा जुना डबा परत करायला हे त्यांच्या कचेरीत गेले होते. तिथे रांग असते, आणि रांगेत ह्यांनी कचेरीतला पार्सल तोलायचा काटा बघितला असणार, म्हणजे परत यायला वेळ हे आलंच. त्या दुपारी माझा वर्ग पाण्यासारखा वाहिला. एक अक्षर अडलं नाही. मी खूश. दुसऱ्या दिवशी हे घरी आणि वर्ग पुन्हा अडखळला, नशिबाने सर तेव्हा फळा पुसत होते म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी कानावरचं काढून बाहेर डोकावले. जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर, मोबाइल आणि टॅब्लेट ओळीने मांडलेले, तिन्हींवर काटे गरगर फिरतायत, आणि हे हात मागे बांधून त्यांच्यासमोर उभे.

मी विचारलं, अहो, हे आत्ता का? तर माझ्याकडे शिकाऊ उमेदवाराकडे बघावं तसं बघून म्हणाले, "गिऱ्हाईक असताना तपासलं तरच खरं माप कळतं. दुकानदाराला सांगून कुणी धाड घालतं का?"

म्हणजे तू बघ. गिऱ्हाईक मी. माझा वर्ग सुरू झाला की ह्यांची धाड. तिन्ही यंत्रं मिळून वेग मोजतात, म्हणजे काय करतात, तर जेवढा रस्ता आहे तेवढा सगळा भरून टाकतात, आणि बघतात किती मावलं. येण्याचा रस्ता एक गिगाबिटचा, ऐसपैस. पण जाण्याचा? केबलमध्ये जाण्याचा रस्ता बोळाएवढाच असतो, हे त्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात होतं. त्या बोळातून माझे शब्द जायचे, आणि नेमक्या त्याच वेळी ह्यांची तीन रिकामी पिंपं त्यातून गडगडत जायची. कंपनीचा डबा निर्दोष, नवा डबा निर्दोष, राउटर निर्दोष, माझी कंबर तर पूर्णच निर्दोष.

सांगून टाकायचं की नाही? मी तोंड उघडलं होतं गं. पण ते तेव्हा मला म्हणाले, "तुझा वर्ग सुटला की सांगतो, आज मी चोर पकडणार आहे." आणि चेहरा असा, बदलीच्या गावी पहिल्या दिवशी असायचा तसा. माझ्यासाठीच चाललंय हे सगळं, असं ह्या माणसाला मनापासून वाटतंय. मी परत खोलीत गेले. तेव्हापासून वर्गाच्या वेळेला मी त्यांना कामं काढून बाहेर पाठवते. चप्पल शिवून आणा, गॅसवाल्याला विचारून या, शेजारच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातला वजनकाटा खोटा वाटतो, जरा बघून या (हे काम फार उत्तम चाललं, पण डॉक्टरांनी आता हात जोडले आहेत). माझी कामं संपत आली, ताई. चप्पल तर घरात शिवायची म्हणून एकही उरली नाही. थकले मी. कामाने नाही, कामं शोधून.

असो. तुझ्या तब्येतीला जप. जास्त लिहून तुला त्रास देत नाही, जेवढा दिला तेवढा पुरे झाला.

तुझी,
पलंगाखालून सुखरूप परत आलेली
धाकटी

ता. क. : हे पत्र लिहायचं खरं कारण वर लिहायचं राहिलं. पुढच्या आठवड्यापासून परीक्षेपर्यंत रोज दुपारी उजळणीचे वर्ग आहेत. भाऊजींना सांग, त्यांनी रोज त्या वेळेला ह्यांच्या मोबाइलवर फोन करावा आणि वर्ग सुटेपर्यंत बोलत ठेवावं. विषयांची मी सोय करून देते: पेट्रोल पंपावरची लिटरं, सोनाराकडचे काटे, हल्लीच्या पाकिटांतली हवा. ह्यांना फोन कानाला धरून येरझाऱ्या घालायची सवय आहे, दोन्ही हात गुंततात. कारण मात्र सांगायचं नाही, ताकास तूर लागू द्यायची नाही. स्वतःचा मोडेम घ्यायला ज्यांनी सांगितलं त्यांनी एवढं तरी करावं.

ता. क. दुसरा : पाकीट माझ्या पर्समध्येच राहिलं, आणि आज सोमवार. म्हणून फोडून पुन्हा लिहिते आहे.

आज पहिला उजळणीचा वर्ग होता. दुपारी हे तिन्ही यंत्रं टेबलावर मांडायला लागले. मी काम सांगायला तोंड उघडलं आणि मला एकही सुचेना. आत सर बोलायला सुरुवात करणार होते. मी म्हटलं, "अहो, वर्ग तुटतो तो डब्यामुळे नाही. तुमच्या ह्या मोजण्यामुळे तुटतो." मला वाटलं आता वाद होणार, आकडे येणार. काही नाही. मग एवढंच विचारलं, "पहिल्यापासून?" मी म्हटलं, पहिल्यापासून. त्यांनी तिन्ही यंत्रं एकेक करून बंद केली, हळू, आवाज होऊ न देता.

मी वर्गात बसले. तासभर एक शब्द गळला नाही, ताई. सरांनी आज डोस मोजण्याचं सगळं पहिल्यापासून घेतलं, आणि ते चाप लावलेल्या मुलीने मान हलवत हलवत उतरवून घेतलं. पर्यवेक्षक बाईंचा निरोप आला, उत्तम, आता वर्ग तुमच्याकडेच. मला नाचावंसं वाटत होतं, कंबरेसकट.

बाहेर आले, तर हे स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेले. तासभर तिथेच असणार. चहा ठेवला नव्हता, दिवा लावला नव्हता, रेडिओ नाही. मला बघून पंख्याकडे बोट दाखवून हळू आवाजात विचारलं, "आता लावला तर चालेल का?" मी म्हटलं, अहो, पंख्याने काही होत नाही. म्हणाले, "मला काय माहीत, कशाकशाने होतं." मग विचारलं, "त्या मुलांना सगळं पोचलं का?" मी म्हटलं, सगळं. "बरं झालं," म्हणाले, आणि तसेच बसून राहिले. मी पंखा लावला, चहा ठेवला.

तेव्हा भाऊजींना सांग, रोज दुपारी फोन करावाच. आता वर्गासाठी नाही. उद्याही ते तसेच बसणार, परवाही, आणि भिंतीपलीकडे तो माणूस श्वास रोखून बसलाय हे माहीत असताना माझ्याने टाइप होणार नाही. कशावरही बोला म्हणावं, मोडेमचा विषय निघाला तरी चालेल.